फुली खाली, गोळा वर

३ जुलै

आजपासून रोज लिहिणार. सहावीनंतर पेन हातात धरलं नाही, पण राग लिहून ठेवला नाही तर निवतो. हा मला डिसेंबरपर्यंत गरम ठेवायचा आहे.

विषय एकच. मुख्वाना. माझा जुळा भाऊ, तोंडवळा हुबेहूब माझाच. तो आधी आला, मी मागून. मधे किती वेळ गेला म्हणून आईला विचारलं तर म्हणते, शेजारीण दाराबाहेर जाऊन थुंकून परत आली तेवढाच. एका थुंकीवर तो थोरला झाला!

ईस्टरला घरी गेलो होतो, किमिलीलीला, केनियाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाजारातून कोंबडा मी आणला. मोंबासात सिमेंटची पोती वाहून, पाठीची सालं काढून आणला. आमच्यात कोंबडीचा पेटा, म्हणजे पोटातला तो घट्ट गोळा, घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जातो. बाबा होते तोवर बाबांच्या. ते गेल्यावर पहिल्यांदाच सगळे जमून जेवत होतो. काका, काकू, चर्चचे दोन म्हातारे. मी ताट जरा पुढे केलं. आईनं पेटा उचलला आणि मुख्वानाच्या उगालीच्या, मक्याच्या घट्ट उकडीच्या, ढिगावर ठेवला.

मला मान.

मुख्वाना डोळे मिटून चावत होता. मग म्हणाला, धाकल्या, मान काय वाईट नसते, वळते तरी. सगळे हसले. आईपण हसली.

बघून घेईन.

५ जुलै

प्लॅन फायनल. नाताळला एक कोंबडा न्यायचा नाही. कळप न्यायचा. विकत घेतलेला नाही, स्वतः उबवलेला. अंड्यापासून माझा. मग आईला बोलायला जागाच नाही. रोज एक कापायचा. पेटा मी खाणार, सावकाश, काकांसमोर. मुख्वानाला माना. ढीगभर माना.

जुलैत पिल्लं निघाली की डिसेंबरात कोंबडे तयार. हिशोब चोख आहे. गोदामात सगळ्यांना फोनवर व्हिडिओ दाखवला. एक डबा, एक बल्ब, वाटीभर पाणी, झालं. एवढ्या सोप्या कामासाठी कोंबडी तीन आठवडे बसून राहते, यावरून कोंबडीची अक्कल कळते.

८ जुलै

मासळीबाजारातून थर्माकोलचा मोठा डबा आणला. फुकट. वास येतो. ओकेयो मिस्त्री बसथांब्यापाशी रेडिओ दुरुस्त करतो, त्यानं भोक पाडून होल्डर बसवून दिला. म्हणाला, यात अंडी उबतील की कालवण होईल सांगता येत नाही. जळतो. त्याच्या डोक्यात ही आयडिया आली नव्हती ना.

घरमालकीण काद्झोची आई. तिचा नियम, खोलीला एकच बल्ब. नियम मोडायचा नाही म्हणून खोलीतला काढून डब्यात लावला. आता मी अंधारात राहणार आणि अंडी उजेडात. बदला घ्यायचा म्हणजे त्याग आलाच.

११ जुलै

आज रजा टाकून मारियाकानीला गेलो. तिथल्या फार्मवर सुधारित गावठी जात आहे, कोंबडे चांगले गुडघ्याएवढे. अंडी निवडायला लागलो तर कोपऱ्यात एक ताट वेगळं ठेवलेलं. अंडी नव्हेत, बटाटे! फोनचा टॉर्च लावून बघितलं आणि अंगावर काटा आला. आत दोन बलक. प्रत्येकात दोन!

म्हणजे जुळी. तीस अंड्यांत साठ पिल्लं. आमच्याकडे जुळं म्हणजे घराला आशीर्वाद असतो, हे किनाऱ्यावरच्या लोकांना काय माहीत? ताट उचललं तर तिथली बाई म्हणाली, अहो ती उबवायची नाहीत, ती मंदाझीचे गोड वडे तळणाऱ्यासाठी काढून ठेवलीत, मधली घ्या. मी मनात हसलो. चांगला माल लपवायची जुनी रीत. म्हटलं, ताई, मी स्वतः जुळा आहे, मला शिकवू नका. ती म्हणाली, मग घ्या बाबा, तुमचीच माणसं आहेत.

संध्याकाळी काद्झोच्या आईनं ताट बघितलं. म्हणाली, पोरा, मोठं अंडं पोटाला, मधलं कोंबडीला. हे जुळं बिळं काही निघत नाही, आत जागा पुरत नाही. मी म्हटलं, मावशी, मी आणि मुख्वाना निघालोच की. ती म्हणाली, तुझी आई डब्याएवढी होती का?

बायकांशी वाद घालत नाही.

१२ जुलै, सकाळी

अंडी लावली. व्हिडिओत सांगितलंय की दोन बाजूंना दोन खुणा करायच्या, म्हणजे कुठली बाजू फिरवली ते कळतं. मी एका बाजूला एम काढला, मुख्वानाचा. दुसऱ्या बाजूला माझा. माझाही एमच निघाला, मुलोंगोचा. अर्धं ताट झाल्यावर लक्षात आलं. सगळं पुसून नव्यानं काढलं. फुली म्हणजे मुख्वाना. गोळा म्हणजे मी.

ठरवलं आहे, रात्री फुली खाली. रात्रभर मुख्वाना तोंडावर झोपणार.

१३ जुलै

केमिस्टकडून थर्मामीटर आणला, तापाचा. डब्यात ठेवला. अडतीसला थोडं कमी. सकाळी बघितलं, अडतीसला थोडं कमी. कामावरून आल्यावर, अडतीसला थोडं कमी. एवढं स्टेडी टेम्परेचर हॉस्पिटलातही नसेल.

रात्री फुली खाली.

१५ जुलै

ओकेयो आला होता. डब्यात हात घातला आणि म्हणाला, अरे हे तर गार आहे. मी थर्मामीटर दाखवला. त्यानं तो झटकला, परत ठेवला, तर तो वर जाईचना. मग तो जमिनीवर बसून हसायला लागला. म्हणाला, तापाचा थर्मामीटर एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, तुझ्या रागासारखा.

काद्झोची आई सकाळी भाडेकरू कामाला गेले की मेन स्विच बंद करते. तिन्हीसांजेला चालू. म्हणजे माझे साठ कोंबडे तीन दिवस दिवसा थंडीत. मोंबासात थंडी नसते म्हणून वाचले असतील. उलट काटक होतील. सैनिकांना असंच ट्रेनिंग देतात.

तिला समजवायला गेलो. ती ऐकेना. तुझ्या एका डब्यासाठी दिवसभर वीज? तू काय मंत्री आहेस? शेवटी म्हणाली, माझी खुडूक कोंबडी काल घारीनं उचलली, खाली तीन अंडी उरली आहेत, नुकतीच बसली होती, ती घे डब्यात, मग स्विच चालू ठेवते.

तिची तीन अंडी. किरकोळ. माझ्या अंड्यांशेजारी गोट्या वाटतात. मधोमध ठेव म्हणाली. ठेवली. बिचारीला काय कळतंय. तिनं कोळशानं त्यावर एकेक रेघ ओढली, दुपारी येऊन मीच फिरवीन म्हणाली. माझ्या अंड्यांना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. ती म्हणाली, फुल्या मारलेल्या अंड्यांना हात लावायला मला वेड लागलंय का, कुणाच्या नावानं मारल्यास देव जाणे.

१७ जुलै

ओकेयोनं फुकट सल्ला दिला. दिवसातून तीनदा फिरव, पाचदा फिरव, पण विषम. म्हणजे रोज रात्री तीच बाजू खाली राहत नाही. नाहीतर पिल्लू आतल्या आत चिकटतं.

चिकटलं तर मुख्वानाच्या बाजूला चिकटेल. माझं काय जातं?

आज मी दोनदाच फिरवली. रात्री फुली खाली, सकाळी आडवी. गोळा खाली ठेवायचा माझ्या मनाला पटत नाही. स्वतःला कोण तोंडावर पाडतं?

२० जुलै

आज अंधारात टॉर्च लावून बघितलं. खोलीत बल्ब नाही म्हणून अंधार आयताच आहे.

लाल जाळं. कोळ्याच्या जाळ्यासारखं, पण लाल, आणि मधे एक ठिपका हलतोय. दुसऱ्या बाजूला दुसरं जाळं, दुसरा ठिपका. एकाच अंड्यात. मी हात हलवला तर दोघंही हलले. मी बराच वेळ टॉर्च बंदच केला नाही. मग फोनची बॅटरी संपली.

चार्ज झाल्यावर मुख्वानाला फोन करून सांगितलं. साठ कोंबडे येतायत, नाताळला. तो म्हणाला, साठ? तू मागच्या वर्षी टॅक्सीत भागीदार होणार होतास, त्याआधी बॉक्सर, त्याआधी पास्टर. मी फोन ठेवला. त्यानं परत केला, आईच्या हातात दिला. आई म्हणाली, पोरा, साठ कोंबडे ठेवणार कुठे? त्या खोलीत तू मावत नाहीस. मागून मुख्वानाचा आवाज, विचार त्याला पेटे वेगळे पाठवणार का पार्सलनं.

रात्री फुली खाली. जरा जोरात ठेवली.

२४ जुलै

एक अंडं फुटलं. फुटलं म्हणजे उडालं. मी कामावर होतो. काद्झोची आई सांगत होती की तिला वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला. वासानं शेजारच्या खोलीतला पोलीस शिपाई बाहेर येऊन उभा राहिला. मासळीचा वास बरा होता असं तो म्हणाला.

टॉर्च लावून बघितलं तर बऱ्याच अंड्यांत जाळं नाही, काळी रेघ आहे. ओकेयो म्हणतो ती मेली. मी म्हणतो ती आराम करतायत. वास येणारी तेवढी काढून टाकली. वाईट माल सगळीकडे असतो.

तिची तीन बघितली. ठीक आहेत. काही विशेष नाही.

२९ जुलै

फोरमन म्वादिमे म्हणाला, सारखा घरी काय पळतोस, बायको बाळंत आहे का? मी म्हटलं, साठ जणांची. गोदामात सगळे हसले. किनाऱ्यावरचा एक पोरगा म्हणाला, हे वरच्या मुलखातले लोक असेच, कोंबडी दिसली की यांना देव दिसतो. हसा. नाताळला फोटो पाठवीन तेव्हा हसा.

उरलेल्या अंड्यांतलं एक फार ताकदवान आहे. टॉर्चमध्ये पूर्ण काळं, आणि आतून धक्के देतंय. एका बाजूनं नाही. दोन्ही बाजूंनी. त्याला बल्बच्या जवळची जागा दिली. कामावर असलो तरी डोक्यात तेच असतं. पोतं उचलताना म्वादिमे दोनदा ओरडला, पोतं पाठीवर घे, बाळासारखं काय धरतोस!

३० जुलै

आजपासून अंडी फिरवायची नाहीत, असं व्हिडिओत आहे. पिल्लू बाहेर यायची तयारी करतं, त्याला सुखानं राहू द्यायचं. पटलं. फक्त जाता जाता एकदा सगळ्या फुल्या खाली केल्या. शेवटच्या.

२ ऑगस्ट

आज रविवार. सकाळी चिवचिव. धावत गेलो, झाकण काढलं.

तीन पिल्लं. ओली, मग थोड्या वेळानं फुलासारखी. फुटलेल्या कवचांवर कोळशाच्या रेघा.

काद्झोच्या आईनं तिन्ही ओच्यात घेतली. मुलखाची हसत होती. अख्ख्या चाळीला बोलावलं. म्हणाली, मुलोंगोच्या डब्यात पिल्लं निघाली! शिपाई माझ्याशी हात मिळवून गेला. मी कुणाला सांगितलं नाही कुणाची ते. सांगायची गरज काय? डबा माझाच आहे.

माझी अजून आत आहेत. मोठी अंडी, त्यांना वेळ लागणार. बटाटा शिजायला वेळ लागतोच.

३ ऑगस्ट, दुपारी

कामावर गेलो नाही. पोट दुखतंय असं कळवलं.

ते ताकदवान अंडं. सकाळी वरच्या अंगाला बारीक चीर पडली, मग एक भोक. भोकातून चोच. मग दुसरीकडेही टकटक, पण तिकडे चीर पडेना. ती फुलीची बाजू. मी डब्याला तोंड लावून सांगितलं, धाकल्या, तू आधी ये. तो थोरला तिथं ठोकत बसू दे. आज तू आधी बाहेर पड, मग बघ कोण थोरला.

चोच थांबली. मला वाटलं दमला. व्हिडिओत आहे, मदत करायची नाही. मी हात मांडीखाली दाबून बसलो. काद्झोची आई येऊन बघून गेली. चहा ठेवून गेली. टकटक एकाच बाजूनं येत राहिली, मग तीही थांबली.

दुपारनंतर मी कवच सोललं.

दोघं होते. पूर्ण. पंख, नखं, सगळं. एकाची मान दुसऱ्याच्या पोटाखाली वळलेली, दुसऱ्याचा पाय पहिल्याच्या डोक्यावर. जागाच नव्हती. एक सरकल्याशिवाय दुसऱ्याला निघताच आलं नसतं. कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते मला ओळखू आलं नाही.

अंगणातल्या पपईखाली पुरलं. एकाच खड्ड्यात.

थर्माकोलचा भुगा डोळ्यात जातो. पुढच्या वेळी लाकडी डबा घेईन.

३ ऑगस्ट, संध्याकाळी

विचार केला. ही चूक कुणाची? मी रात्री फुली खाली ठेवत होतो. का ठेवत होतो? मुख्वानामुळे. म्हणजे हेही त्याच्यावरच जातं. अजून एक वाढलं.

६ ऑगस्ट

बाकीची अंडी टाकली. शिपाई नाक धरून खड्डा खणायला मदत करायला आला.

काद्झोच्या आईनं संध्याकाळी एक पिल्लू आणून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, वीज माझी होती, पण बल्ब तुझा, हे तुझं. मी नाही म्हणणार होतो. पण ते माझ्या अंगठ्यावर चढून झोपलं. आता झोपलेल्याला काय परत द्यायचं?

एक तर एक. एका कोंबड्याला एक पेटा असतो आणि मला एकच हवा आहे. साठची काय गरज होती? हाव वाईट.

मुख्वानाचा फोन. किती निघाले? मी म्हटलं, मोजतोय.

३० ऑगस्ट

नाव ठेवलं, जनरल. चाल बघा, छाती पुढे. मी आलो की धावत येतो. भाकरीचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या हातून घेत नाही. उंच होतोय. मुख्वानाला फोटो पाठवले, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, भिंतीपाशी, पपईपाशी. त्यानं विचारलं, सगळे सारखेच दिसतात? मी म्हटलं, जुळे आहेत.

४ ऑक्टोबर

जनरलला अजून तुरा फुटत नाही. त्याच्या बरोबरच्या दोघांतला एक आरवायला लागला. काद्झोची आई म्हणते, तुझी तलंग आहे रे. मी म्हटलं, मावशी, काही पुरुषांना दाढी उशिरा येते. ती म्हणाली, काहींना येतच नाही, कारण त्या बायका असतात.

शिपायाला विचारलं. तो म्हणाला, कोंबडी. ओकेयोला विचारलं. तो म्हणाला, कोंबडी, आणि तू मला याचसाठी दुकान बंद करायला लावलंस? म्वादिमेला फोटो दाखवला. त्याला कोंबड्यांतलं काही कळत नाही. तोही म्हणाला कोंबडी.

रोज सकाळी त्याच्यासमोर आरवून दाखवायचं ठरवलं आहे. शिकेल.

१४ डिसेंबर

कामाचा बूट घालायला गेलो, पाय आत जाईना. आत अंडं. गरम. जनरल खिडकीत बसून अख्ख्या चाळीला ओरडून सांगत होता.

सांगत होती.

काद्झोची आई दाराशी येऊन म्हणाली, अभिनंदन, दाढी आली.

१५ डिसेंबर

शांत डोक्यानं विचार केला. पेटा कोंबडीलाही असतो. आमच्याकडे कोंबडीचा पेटा नि कोंबड्याचा पेटा असा भेद कुणी करत नाही. प्लॅन चालू.

फक्त कापायचं ते दुसऱ्या कुणीतरी कापावं. मला पोती उचलून हात कापतात, सुरी नीट धरता येत नाही.

२२ डिसेंबर

बसमध्ये. जनरल मांडीवर, बास्केटमध्ये, डोकं बाहेर. कंडक्टर म्हणाला, तिचं तिकीट? मी म्हटलं, ती अंडं देते, ते घे. तिनं नैरोबीच्या अलीकडे खरंच दिलं. कंडक्टरनं ते खिशात घातलं आणि आमचा एकदम दोस्त झाला.

शेजारचे आजोबा विचारत होते, घरी न्यायला का? मी सगळं सांगितलं, पेटा, मान, सगळं. ते म्हणाले, आणि हिलाच कापणार? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काही दिसत नव्हतं.

२४ डिसेंबर

आई बास्केटमध्ये डोकावली आणि हरखली. अंडी देणारी! मुलोंगो, तू पहिल्यांदा घरी कामाची वस्तू आणलीस. मी म्हटलं, ही उद्या कापायची आहे. आईनं जनरलला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच घार आहे. अंडी देणारी कोंबडी कापतोस? वेडा झालास?

मला राग यायला हवा होता. बरं वाटलं. प्रवासानं असं होतं.

मुख्वाना भेटला. मिठी मारली. वाळलाय. तळहात माझ्यासारखे झालेत, फोडांनी भरलेले. साठ कुठे आहेत म्हणून विचारलंच नाही. याच्यात काहीतरी डाव आहे. काळा कोंबडा त्यानं आणलाय, उद्यासाठी.

२५ डिसेंबर



सगळे बसलेले. काका, काकू, चर्चचे म्हातारे तेच दोन. आईनं पातेल्यातून पेटा काढला. मुख्वाना म्हणाला, आई, या वेळी मुलोंगोला दे. काकांनी मान वर केली. आईनं मुख्वानाला विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की.

माझ्या ताटात! पेटा!

मी सावकाश खाल्ला. प्रत्येक चावा मोजून. मुख्वानाच्या ताटात मान होती. मी म्हटलं, दादा, वळते तरी. सगळे हसले. मुख्वाना सगळ्यांत जास्त हसला. चर्चचे म्हातारे उठून माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. काका म्हणाले, आता घराला माणूस मिळाला.

मोडला. सहा महिन्यांत मोडला त्याला. शेवटी शरण आला. असा बदला कुणी घेतला नसेल.

पेटा जरा चामट होता.

२६ डिसेंबर

पहाटे आईनं उठवलं. संडासाचा खड्डा भरला आहे, नवा खणायचा आहे. घरचा कर्ता खणतो. मी म्हटलं, मुख्वानाला सांग. ती म्हणाली, त्यानं मागचा खणला. मग छप्पर आहे, उत्तरेची बाजू गळते. मग टेकडीपलीकडे मयत आहे, घरातर्फे कुणीतरी दोन रात्री बसायला हवं. मग काकांशी हद्दीचं भांडण आहे, बाबा गेल्यापासून दर आठवड्याला बैठक होते, घरचा कर्ता बोलतो.

मुख्वाना ईस्टरला डोळे मिटून का चावत होता ते माझ्या आत्ता लक्षात येतंय. त्याला तेव्हाच झोप लागली असेल.

मी आईला सांगितलं, माझी परवाची बस आहे. ती म्हणाली, पेटा खाल्ला ना?

२८ डिसेंबर

मयतीहून परत आलो. मुख्वाना नाही. माझी बॅग नाही. माझे कामाचे बूट नाहीत. बसचं तिकीट नाही. खाटेवर त्याच्या मोटारसायकलची किल्ली. बाहेर मोटारसायकल, दोन्ही टायर बसलेले.

आई म्हणाली, त्यानं मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. त्यालाही एकदा समुद्र बघू दे.

म्वादिमेला काय, आम्ही दोघं त्याला एकच दिसणार.

२ जानेवारी

मुख्वानाचा फोन. आवाजात समुद्र. गोदामात कुणालाच कळलं नाही. काद्झोच्या आईनं मात्र दुसऱ्या दिवशी ओळखलं. म्हणाली, हा न सांगता पाणी भरतो, हा मुलोंगो नव्हे. मग? मी विचारलं. तो म्हणाला, मग काय, याला राहू दे म्हणाली. खोलीत बल्ब लावलाय. छान उजेड आहे रे तुझ्या खोलीत.

मी म्हटलं, मी तुला सोडणार नाही. तो म्हणाला, बरं. आणि खड्ड्याची माती पूर्वेला टाक, नाहीतर पावसात परत आत येते.

पश्चिमेला टाकणार.

५ जानेवारी

काल पाऊस झाला. माती आत आली.

आज परत खणत होतो, छातीपर्यंत आत. काका आले, हद्दीसाठी, चार माणसं घेऊन. वर उभे राहून मोठ्यानं विचारलं, या घरचा कर्ता पुरुष कुठे आहे?

आईनं खड्ड्याकडे बोट दाखवलं.